ग्रीसखालची तार

लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधे एकदम वीतभर खाली आली आणि थांबली. एवढंच झालं. आतल्या चौघांपैकी एक बाई 'अगं माय' म्हणाली, एक माणूस उगाच हसला, आणि पांढऱ्या टोपीतल्या म्हाताऱ्याने दारावर दोन थापा मारून सांगितलं, "काई नाई होत. रोजचंच हाय याचं." अनघाच्या हाताने मात्र आपोआप कठडा शोधला, कठडा नव्हता, म्हणून तिने शेजारच्या बाईचा दंड घट्ट धरला होता. त्या बाईच्या हातात एक्स-रेचं पाकीट होतं, ते खाली पडलं. अनघाने ते उचलून दिलं, "सॉरी" म्हणाली, आणि कुठेतरी बघायचं म्हणून समोरच्या भिंतीकडे बघू लागली. तिथे प्लास्टिकच्या चौकटीत एक कागद होता. लिफ्टची तपासणी केली, दोर समाधानकारक आढळला. खाली तारीख. खाली सही, सरावाने केलेली, शेवटी एक लांब शेपूट ओढलेली. कोण असेल हा माणूस, तिने विचार केला. वर गच्चीवर जाऊन त्याने खरंच दोराला हात लावला असेल का? की खालच्या पानाच्या ठेल्यावर उभ्याउभ्याच? तिच्या पाठीवरून घामाचा एक थेंब कमरेपर्यंत सावकाश उतरत गेला. डिसेंबर होता, आणि सकाळी यवतमाळात स्वेटर घालावा लागत होता.

तिच्या हातातल्या फोल्डरमध्येही एक कागद होता. तिसऱ्या मजल्यावर विठ्ठलराव नोटरींच्या ऑफिसात बाबा अर्ध्या तासापासून बसले होते. श्रीकृष्ण देशपांडे, जिल्हा न्यायालयातून अधीक्षक म्हणून निवृत्त. विठ्ठलराव त्यांचे जुने स्नेही. अनघाने जायचं, ओळखपत्र दाखवायचं, सही करायची, विठ्ठलराव शिक्का मारतील, कागद मुंबईला कंपनीच्या वकिलाकडे जाईल, आणि जानेवारीत ती सेकंड ऑफिसर म्हणून नव्या जहाजावर रुजू होईल. दोन मिनिटांनी कुठेतरी मोटर गुरगुरली, लिफ्ट वर गेली आणि दार उघडलं. सगळे उतरले. अनघाही उतरली. समोर विठ्ठलरावांची पाटी होती, अर्धवट उघड्या दारातून बाबांचा तपकिरी बूट दिसत होता, एका पायावर दुसरा पाय टाकून बसलेला. ती तो बूट बघत उभी राहिली आणि मग जिन्याने खाली उतरली. पायऱ्या मोजत नव्हती तरी मोजल्या गेल्या. रस्त्यावर आल्यावर फोन वाजला. "कुठे आहेस? विठ्ठलराव शिक्का काढून बसलेत." ती म्हणाली, "बाबा, मी जरा जाऊन येते." "कुठे?" तिने फोन ठेवला. बसस्टँडवर उमरखेडची गाडी लागलेली दिसली, तेव्हा उत्तर आपोआप तिच्या तोंडात आलं आणि तिने कंडक्टरला सांगितलं, "एक महागाव."

खिडकीची काच नीट बसत नव्हती आणि प्रत्येक खड्ड्याला खडखडत होती. महागावला नयन होता. महागावच्या पुढे चार किलोमीटरवर त्याचं गाव, हे तिला कधीपासून पाठ होतं, कारण जहाजावर त्याने ते नकाशावर दाखवलं होतं. बंगालचा उपसागर, रात्रीची पहारेदारी संपवून ती ब्रिजवरून, सुकाणूच्या खोलीतून, खाली आलेली, फोनला जेमतेम सिग्नल, आणि ती आईशी बोलताना म्हणाली होती, "नाही गं, काहून काळजी करतेस?" मागून कुणीतरी हातातली बादली खाली ठेवली. "मॅडम, तुमी आमच्याकडच्या हाय का?" तो नयन. डेकवरचा खलाशी, पंचवीस वर्षांचा, बारीक अंगाचा, पैनगंगेत पोहायला शिकलेला. घरी दोन वावरं, कपाशी आणि तूर. एका मित्राच्या नादाने प्रशिक्षण घेऊन समुद्रावर आलेला. जहाजावर एकवीस माणसं होती, त्यांतली कुठलीही दोन एका जिल्ह्याची असण्याचं कारण नव्हतं. तिच्या घरात आईबाबा पुस्तकातल्यासारखं बोलत. 'मले', 'तुले' फक्त दूधवाल्याशी, भाजीवालीशी. पण त्या दिवसानंतर नयन दिसला की अनघाच्या जिभेची गाठच सुटायची. काय करून राह्यला, जेवला का, हे कायले इथं ठेवलं. समुद्राच्या मधोमध हे शब्द बोलताना तिला शाळेच्या मधल्या सुट्टीसारखं वाटायचं. बाकीचे हसायचे. चीफ ऑफिसर म्हणायचा, "भरली यांची पार्लमेंट."

आर्णीच्या अलीकडे गाडी थांबली. कापसाने फुगलेला एक मेटॅडोर रस्त्यात आडवा झाला होता. ड्रायव्हर खाली उतरून कुणाला तरी शिव्या देत होता. अनघाने फोल्डर उघडलं. कागदावर तीनच वाक्यं महत्त्वाची होती. एक, लाइफबोटच्या दोन्ही पोलादी तारा मी स्वतः अकरा ऑगस्टला तपासल्या आणि त्या समाधानकारक आढळल्या. दोन, खलाशी नयन राठोड यास बोटीचा हूक हाताळण्याचे प्रशिक्षण मी दिले होते. तीन, अपघातानंतर हुकाचा लिव्हर ओढलेल्या स्थितीत असल्याचे मी पाहिले. लाइफबोट जहाजाच्या कडेला दोन तारांवर टांगलेली असते, एक पुढे, एक मागे. मागची तार तुटली तर बोट मागून खाली लटकते. त्या तारेत बोट अडकवणारा मागचा हूक सुटला तरीही ती तशीच लटकते. तार तुटली असेल तर दोष जहाजाचा. हूक सुटला असेल तर दोष आत बसलेल्या माणसाचा, ज्याने वेळेआधी लिव्हर ओढला. कंपनीने दुसरी गोष्ट निवडली होती. आपल्याच चुकीने जखमी झालेल्याला भरपाई द्यायची तर ती दयेपोटी, हक्काने नाही. नोकरीच्या करारातलं ते कलम कंपनीच्या वकिलाने तिला फोनवर वाचून दाखवलं होतं. आवाज फार सभ्य होता. "मॅडम, आम्ही तुमच्याच बाजूचे आहोत. तार खराब होती असं निघालं तर पहिला प्रश्न तुम्हालाच विचारला जाईल. तपासणी तुमची होती."

बाबांनी काल तो कागद दोनदा वाचला होता. चष्मा कपाळावर चढवून ते म्हणाले होते, "यात खोटं कुठे आहे? तू तिथल्या रजिस्टरात जे लिहिलंस तेच इथे लिहिलंय. आज वेगळं सांगितलंस तर तू आधी खोटं लिहिलं असं होतं." ती म्हणाली, "मी लिव्हर नाही पाहिला, बाबा. अपघातानंतर मी बोटीत उतरलेच नाही, वर होते." बाबांनी शांतपणे विचारलं, "पाहिला नाहीस, की आठवत नाही?" आई, रत्नप्रभाबाई, वाटाणे सोलत होती. तिचे हात थांबले आणि पुन्हा सुरू झाले. चौतीस वर्षं न्यायालयात काढलेल्या माणसाचा तो प्रश्न होता, आणि त्याच माणसाने तिच्या पहिल्या जहाजाच्या वेळी मुंबई सेंट्रलला, सगळ्यांसमोर, डोळे पुसले होते. त्यांना तिला वाचवायचं होतं. बापाचं हे वाचवणं असं अंगावर येतं, की त्याला विरोध करताना आपणच दुष्ट वाटायला लागतो. ती उठून आपल्या खोलीत गेली होती आणि रात्रभर तिला झोप लागली होती, याचंच तिला आता बसमध्ये आश्चर्य वाटलं.

मेटॅडोर बाजूला झाला. गाडी निघाली. दोन्ही बाजूंना वेचलेल्या कपाशीची तपकिरी वावरं, मधूनच तुरीचा पिवळा पट्टा. शेजारी बसलेल्या बाईने तिला विचारलं, "महागावले कोनाकडं?" अनघा म्हणाली, "ओळखीचे आहेत." ओळखीचे. अपघातानंतरच्या सोळा महिन्यांत तिने नयनला एकदा मेसेज केला होता: काळजी घे. त्याने अंगठा पाठवला होता. तो आधी परदेशातल्या बंदरावरच्या इस्पितळात होता, मग मुंबईला, मग नागपूरला, मग घरी. कमरेखाली त्याला काही जाणवत नव्हतं. हे सगळं तिला राखीने सांगितलं होतं, नयनची बाजू मांडणारी मुंबईची तरुण वकील. तिने अनघाला तीनदा फोन केला होता. तिसऱ्या वेळी ती दमलेल्या आवाजात म्हणाली होती, "माझी अडचण सांगू? नयनला स्वतःलाच काही आठवत नाही. डोक्याला मार आहे. इस्पितळात कंपनीचा माणूस गेला होता, त्याला हा म्हणालाय, हात चुकला असेल माझा. आणि आता तो तेच खरं धरून बसलाय. मी त्याचा दावा लढतेय आणि तो मला सांगतो, ताई, कायले मेहनत करून राह्यल्या, माहीच चूक हाय." अनघाने तेव्हा फोन ठेवून चहा केला होता. चहा उतू गेला होता.

कारण तिला आठवत होतं. सगळं. अकरा ऑगस्ट, दुपार, इंडोनेशियाजवळ कोळसा भरायला नांगर टाकून उभं असलेलं जहाज. ऊन असं की डेकच्या लोखंडाला बुटातून पाय भाजत. दोन दिवसांनी पाहणीला माणसं येणार, म्हणून सगळं चकचकीत करणं चाललेलं. नयन बोटीच्या मागच्या तारेला ग्रीस लावत होता आणि त्याने हाक मारली, "मॅडम, इकडं या जरा. हे पाहा." त्याच्या हातमोज्यातून एक बारीक पोलादी केस आरपार गेला होता. त्याने हातमोजा काढला, बोटाच्या पेरावर रक्ताचा ठिपका. "तार पिंजून राह्यली आतून. कप्पीवरून जाते ना, तिथंच." तिने वाकून पाहिलं होतं. वरून गुळगुळीत, पण कप्पीच्या वळणावर पाच-सहा केस तुटून उभे, आणि त्यांच्या मुळाशी लाल भुकटी. ती चीफ ऑफिसरकडे गेली. तो म्हणाला, नवीन तार मागवलीय, पुढच्या बंदरात येईल. ती कॅप्टनकडे गेली. कॅप्टन जेवत होता. तो म्हणाला, "परवा पाहणी आहे. आज तू वाईट लिहिलंस तर जहाज इथेच अडकेल. चार दिवसांचा प्रश्न आहे, टिक कर." तपासणीच्या यादीत बेचाळीस चौकोन होते. तिने बेचाळीस ठिकाणी टिक केली. तिसऱ्या पानावर पेन अडलं, ते तिने हातावर चालवून पाहिलं, आणि पुढे गेली. मग डेकवर येऊन नयनला म्हणाली, "लाव ग्रीस वरून. पुढच्या बंदरात बदलणार आहे." तो म्हणाला, "ठीक हाय." आणि हातमोजा पुन्हा चढवता चढवता म्हणाला, "पण तोवर आत कोणाले बसवू नका म्हना."

इथपर्यंत तिला नेहमी आठवायचं. इथून पुढे दुसरा दिवस सुरू व्हायचा, लाइफबोटीच्या सरावाचा सायरन, नारिंगी जॅकेटं, तिच्या हातातला लाकडी पॅड. आणि तिथे तिचं मन एखाद्या जनावरासारखं पाय रोवून उभं राहायचं. तिने बसच्या काचेवर कपाळ टेकवलं. कपाळाला खडखड लागू लागली तरी तिने ते काढलं नाही. फोन वाजला. बाबा. तिने उचलला. "अनघा, तू कुठल्या गाडीत आहेस? आवाज येतोय." "महागावला चालले." मग बाबा म्हणाले, "दुसऱ्या बाजूच्या माणसाला असं भेटायचं नसतं." त्यांनी ते रागावून म्हटलं नव्हतं. नियम सांगितल्यासारखं म्हटलं होतं. ती म्हणाली, "हो." आणि फोन ठेवला.

महागावला उतरून ती ऑटोत बसली. गाव लहान होतं, विचारावं लागलं नाही; ऑटोवाल्यानेच म्हटलं, "नयनकडं ना? शहरातलं कोनी आलं की त्याच्याकडंच येते." सिमेंटचं दोन खोल्यांचं घर, पुढे शेणाने सारवलेलं अंगण, अंगणात पसरलेल्या सोयाबीनच्या पोत्यांवर एक कुत्रं. दाराला नवा उतार केला होता, चाकाच्या खुर्चीसाठी. सिमेंट अजून काळपट ओलं दिसत होतं. एक उंच, वाळलेली बाई बाहेर आली. शकुबाई, नयनची आई. अनघाने नाव सांगितलं आणि म्हणाली, "मी नयनच्या जहाजावर होते." शकुबाईने तिला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "पोरगी हाय व्हय तू," ती म्हणाली. "मॅडम मॅडम करते तो, मले वाटलं मोठी बाई असंल. ये, बस." आणि आत तोंड करून, "नयन, पाह्य रे कोन आलं."

तो जाड झाला होता. याची तिने तयारी केली नव्हती. तिने त्याचे पाय मनात किती वेळा पाहिले होते, घोंगडीखाली, खुर्चीवर, पलंगावर. पण चेहरा मात्र तिने तोच ठेवला होता, बारीक, उन्हाने काळा पडलेला. आता गाल भरले होते, रंग सावलीतला झाला होता, दाढी कुणीतरी दुसऱ्याने केल्यासारखी एका बाजूला राहिली होती. खिडकीशी पलंग, उशाशी मोबाइल, छताला बांधलेला एक दोर, धरून उठून बसायला. तो त्या दोराने उठून बसला. हात अजून मजबूत होते. "मॅडम," तो म्हणाला आणि हसला, आणि ते हसू बघून तिला पळून जावंसं वाटलं. "कोनत्या जहाजावर हाय आता?" "नाही. घरीच आहे." "कायले? तुमाले कोनी काई म्हनलं का माह्यापाई? मी तर सांगतलं त्याहिले, मॅडमनं बरोबर शिकवलं होतं, माहाच हात चुकला." पलीकडच्या खोलीत कुणीतरी खाकरलं. नयनने आवाज खाली आणला. "बाबा हाय. बोलत नाई माह्याशी. जेवायले आत येते, पाह्यत बी नाई. सगळ्या गावात सांगतलं त्याहिनं, पोट्ट्यानं सोताच्या हातानं घात केला."

अनघा पलंगाशेजारच्या स्टुलावर बसली होती. फोल्डर मांडीवर होतं. येताना तिने वाक्यं जुळवली होती, ती सगळी नियमांच्या भाषेतली होती, आणि इथे ती उपयोगी नव्हती. ती म्हणाली, "तू नाही वढला लिव्हर." किती महिन्यांनी तिच्या तोंडून ती बोली आली. "तार तुटली, नयन. मागची. तू आत गेला, बोटीच्या तळाचं बूच लावायले खाली वाकला होता. माह्याकडं तुझी पाठ होती, मले दोन्ही हात दिसत होते. लिव्हरपासून दोन हात लांब होता तू. तार कप्पीवरून तुटली, आवाज झाला गोळी सुटल्यासारखा, आणि बोट मागून खाली गेली. मागचं दार उघडं होतं. तिथून तू पडला." नयन तिच्याकडे बघत होता. हसू अजून तोंडावर होतं, ते काढून घ्यायला जणू तो विसरला होता. "तू पडल्याच्या दुसऱ्या दिवशी जुनी तार तुकडे करून समुद्रात टाकली. मी पाहिलं. हूक नंतर उघडून फोटो काढले, ते बी मले माहीत होतं. मी कोणालाच नाही सांगितलं."

"तारेले काई झालतं आधी?" त्याने विचारलं. किती साधा प्रश्न होता. तो सोडून देता आला असता. त्याला आठवत नव्हतं, रजिस्टरात नव्हतं, राखीला माहीत नव्हतं. जगात फक्त एका माणसाजवळ तो दुपारचा प्रसंग शिल्लक होता आणि ते माणूस ती होती. एवढं सांगितलं ते पुरे नव्हतं का? दावा एवढ्यावरही टिकला असता. ती क्षणभर त्या विचारात अगदी आरामात बसली, सावली मिळाल्यासारखी, आणि त्या आरामाचीच तिला किळस आली. "झालतं," ती म्हणाली. "तूच दाखवलं होतं मले. आदल्या दिवशी. तुझ्या बोटाले लागली होती. तू म्हनला, आत कोणाले बसवू नका." नयनने आपला उजवा हात वर करून बोटांची पेरं पाहिली, एकेक. तिथे काही नव्हतं. "मंग?" तो म्हणाला. "मंग मी यादीत टिक केली. कॅप्टन म्हनला म्हनून. तुले ग्रीस लावायले सांगितलं. आणि दुसऱ्या दिवशी..." मन पुन्हा पाय रोवून उभं राहिलं. तिने त्याला ओढलं. "दुसऱ्या दिवशी सायरन झाला. बोटीत कोण बसणार ती नावं मी वाचायची असतात. मी पॅडवरून वाचलं. नयन राठोड. तू माह्याकडं पाहिलं. मले दिसलं तू पाहून राह्यला ते. मी वर नाही पाहिलं. तू गेला."

बाहेर कुत्र्याने अंग झाडलं. शकुबाई दारात पाण्याचा गडवा घेऊन उभी होती, केव्हापासून कोण जाणे. नयनच्या चेहऱ्यावरून हसू गेलं होतं आणि आता तो चेहरा जुना दिसत होता. "मले बसवलं कायले मंग?" तो म्हणाला. ती खरंच उत्तर शोधत होती. कॅप्टनची भीती? चार दिवसांचा प्रश्न? लिहिलेलं नाव वाचण्याची सवय? काहीच पुरेसं नव्हतं. "माहीत नाही," ती म्हणाली. "सोळा महिने, मॅडम," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. "सोळा महिने मी इथं पडून हा हात पाह्यतो. याच हातानं केलं म्हनून. सोळा महिने तुमी कुठं होत्या?" तेवढ्यात त्याने छताचा दोर धरला आणि जोरात ओढला, उठायला म्हणून, जाण्यासाठी, मारण्यासाठी, काय ते त्यालाही कळलं नसावं, अर्धं शरीर वर आलं, अर्धं जागेवर राहिलं. शकुबाई गडवा ठेवून पुढे झाली. त्याने तिला हाताने अडवलं. "बाबाले बोलाव," तो म्हणाला. "नाई तर मॅडम, तुमीच जा. माह्यासमोर नोको. त्याहिले सांगा. सगळं सांगा, पह्यल्यापासून."

नयनचे वडील नानाजी पलीकडच्या खोलीत खाटेवर बसले होते. लहानखुरा माणूस, डोक्याला पंचा. भिंत पातळ होती, त्यांना ऐकू गेलंच असणार. पण त्यांनी तिला ते कळू दिलं नाही. तिने उभ्याने सगळं पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना सोपं जाईल असं तिला वाटलं होतं. नाव वाचण्यापाशी ती पुन्हा अडली, आणि ते वाक्य तिने पहिल्यापासून म्हटलं. नानाजींनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे यानं नाई वढला तो दांडा?" "नाही काका." "हे तुमी कोर्टात सांगसाल?" "सांगीन." "तुमची नोकरी?" "जाईल." नानाजींनी मान हलवली. "जाऊ द्या," ते म्हणाले. त्यात तिच्याबद्दल द्वेष नव्हता आणि कणवही नव्हती. मग ते उठले, आणि अनघाला वाटलं आता ते मुलाकडे जातील. ते बाहेर अंगणात गेले. पोत्यांजवळ उभे राहिले. एका पोत्याचं सुटलेलं तोंड त्यांनी बांधलं, सोडलं, पुन्हा बांधलं. खांदे हलत होते. तिने नजर काढून घेतली.

राखीला तिने तिथूनच फोन लावला आणि दोन तासांत जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं; पलीकडे राखी लिहून घेत होती. नयन पलंगावरून ऐकत होता, भिंतीकडे तोंड करून. एकदाच वळला. "ते बी लिवा," तो म्हणाला. "नाव तुमी वाचलं ते." "लिहिलंय राखीने," अनघा म्हणाली. निघताना शकुबाईने तिला चहा दिला. तो तिने उभ्यानेच प्यायला, कारण बस म्हणून कुणी म्हटलं नाही. महागावच्या स्टँडवर बाबांचा फोन आला. तिने सांगितलं, "बाबा, मी त्यांना सांगून टाकलं. कागद फाडलाय." गाडीच्या भोंग्यात त्यांचं पहिलं वाक्य बुडालं. दुसरं ऐकू आलं: "परतीची गाडी किती वाजता आहे?" "साडेचारला." "आईने विचारलंय म्हणून," ते म्हणाले.

फेब्रुवारीत तिची साक्ष झाली. कंपनीच्या वकिलाने त्याच सभ्य आवाजात विचारलं, तुमची यादी खोटी की आजची साक्ष खोटी? ती म्हणाली, यादी. एका शब्दाच्या त्या उत्तराने तिचं प्रमाणपत्र दोन वर्षांसाठी निलंबित झालं. पुढे मिळेल की नाही ते कुणी सांगत नव्हतं. विठ्ठलराव बाबांशी काही दिवस जरा आखडून वागले. बाबा साक्षीच्या दिवशी बरोबर आले होते आणि शेवटच्या रांगेत बसून राहिले होते. घरी येईपर्यंत ते एवढंच म्हणाले, की त्या खोलीतला पंखा फार आवाज करत होता. अनघा सकाळी उठायची, नोकरीचे अर्ज भरायची, दुपारी रस्त्याने चालत सुटायची. रात्री सायरन ऐकू यायचा तो यायचाच. आपण सांगितलं म्हणजे काहीतरी उतरेल, हलकं होईल, अशी तिची समजूत होती. तसं काही झालं नाही. फक्त मन आता त्या लाकडी पॅडपाशी थांबत नव्हतं. सरळ पुढे जायचं, नयनच्या नजरेपर्यंत, आणि तिथे राहायचं.

जूनमध्ये निकाल लागला. दोष जहाजाचा, भरपाई पूर्ण, उपचार आयुष्यभर. राखीने सकाळी कळवलं. दुपारी एका अनोळखी नंबरवरून फोन आला.

"मॅडम, नयन बोलून राह्यलो."

"कळलं मला," ती म्हणाली. "राखीने सांगितलं."

"व्हय." मागे कुठेतरी ट्रॅक्टर चालला होता. "माहा राग गेला नाई अजून तुमच्यावरचा. सांगून ठेवतो. जाईल का ते बी माहीत नाई."

"असू दे."

"हं." आता फोन ठेवील असं तिला वाटलं. "काल बाबा भांडले माह्याशी," तो म्हणाला. "दोन वर्सं होत आली, एक शब्द बोलले नव्हते सरळ. साक्ष झाल्यावर बी नाई. आत यायचे, बसायचे, उठून जायचे. काल आले आन् इथं पलंगावर बसून अर्धा घंटा भांडले."

"कशावरून?"

"तुरीवरून. मी म्हनलं यंदा वरच्या वावरात तूर नोको, पानी साचते. ते म्हनते तुले काय समजते, तू समुद्रावर व्हता." त्याच्या आवाजात काहीतरी हललं. "आईनं मधात पडून सोडवलं आमाले."

अनघाने फोन दुसऱ्या कानाला लावला. तिला विचारायचा हक्क आहे की नाही हे तिला ठरवता येईना, आणि तरी तिने विचारलं, "मग जिंकलं कोण?"

"कायचं जिंकनं," नयन म्हणाला. "भांडन चालूच हाय अजून. बाबा आलेच पाहा, ठेवतो."